ऑपरेटिंग सिस्टिम बदलत राहिली तरी जुना वर्ड प्रोसेसर चालू कसा ठेवायचा

"अजून वर्डपरफेक्ट ५.१?" हे मला इतक्या जणांनी इतक्या वेळा विचारलंय की हल्ली मी उत्तर देत बसत नाही, सरळ लिहून दाखवते. एफ६ दाबलं की अक्षर ठळक, शिफ्ट-एफ६ दाबलं की ओळ मधोमध, ऑल्ट-एफ३ दाबलं की मजकुराच्या पोटात कुठे कुठला कोड दडलाय ते सगळं उघड. पडद्यावर मजकूर आणि तळाला एक ओळ, बाकी काही नाही. हा वर्ड प्रोसेसर १९८९ सालचा, डॉस या विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठीचा. तो आजही तेव्हाइतकाच धडधाकट आहे. सरकत राहिली ती त्याच्या पायाखालची जमीन.

असे हट्टी लोक बरेच आहेत. 'गेम ऑफ थ्रोन्स'चे लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन वर्डस्टार ४.० या डॉसच्याच वर्ड प्रोसेसरवर लिहितात आणि त्यासाठी इंटरनेट नसलेला वेगळा डॉस संगणक ठेवतात, हे त्यांनी २०१४ साली टीव्हीवरच्या मुलाखतीत सांगितलं होतं. कॅनडातले विज्ञानकथाकार रॉबर्ट जे. सॉयर यांचा मार्ग वेगळा. तेही वर्डस्टारवालेच, आवृत्ती ७.०, पण ती ते आजच्या संगणकावर इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालवतात. २०२४ मध्ये त्यांनी प्रोग्रॅम, मॅन्युअल्स आणि इम्युलेटर असा सगळा संच बांधून लोकांसाठी खुला केला. पहिला मार्ग म्हणजे यंत्रच गोठवून ठेवायचं. तो सोपा आहे, पण जुन्या यंत्राची हार्ड डिस्क किंवा वीजपुरवठ्याचा भाग गेला की सुटे भाग शोधत फिरावं लागतं. हा लेख दुसऱ्या मार्गाचा आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. डॉसच्या काळातल्या या प्रोग्रॅमना युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची आजची सामाईक अक्षर-पद्धत, ठाऊक नाही, त्यामुळे आज सगळीकडे चालेल अशी देवनागरी त्यांत लिहिता येणार नाही. माझं इंग्रजी लिखाण मी वर्डपरफेक्टमध्ये करते, मराठी दुसरीकडे. हा लेखही दुसरीकडेच लिहिलाय.

आणि एक नियम, ज्यावर पुढचं सगळं उभं आहे: प्रोग्रॅम कितीही जुना असू दे, मजकूर मात्र ज्या दिवशी बाहेर काढावासा वाटेल त्याच दिवशी बाहेर पडला पाहिजे. तो पडत नसेल तर आपण वर्ड प्रोसेसर सांभाळत नसून त्याच्या तावडीत सापडलोय.

मोडतं ते नेमकं काय?

"नव्या विंडोजवर जुना प्रोग्रॅम चालत नाही" हे अर्धवट वाक्य आहे. तुमचा प्रोग्रॅम कुठल्या जातीचा आहे यावर सगळं ठरतं.

डॉसचे आणि विंडोज ३.१ चे प्रोग्रॅम १६ बिटचे. ३२ बिटच्या विंडोजमध्ये एनटीव्हीडीएम नावाचा भाग डॉसचं सोंग घ्यायचा आणि त्यासाठी प्रोसेसरच्या 'व्हर्च्युअल ८०८६' या सोयीचा आधार घ्यायचा. प्रोसेसर ६४ बिटच्या पद्धतीत चालू लागला की ही सोय त्याला उपलब्धच नसते. म्हणून ६४ बिटच्या विंडोजमध्ये एनटीव्हीडीएम नाही, आणि विंडोज ११ तर फक्त ६४ बिटमध्येच येतं. ३२ बिटच्या विंडोज १० चा शेवटचा आसराही ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याची सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्ती थांबल्यावर संपल्यातच जमा आहे. कंपॅटिबिलिटीच्या खिडकीत कितीही टिचक्या मारा, १६ बिटचा प्रोग्रॅम तिथे थेट चालणार नाही.

विंडोज ९५ नंतरचे ३२ बिटचे वर्ड प्रोसेसर मात्र बहुतेक वेळा अजून चालतात. फसवणूक होते ती इन्स्टॉलरपाशी: प्रोग्रॅम ३२ बिटचा, पण त्याचा इन्स्टॉलर १६ बिटचा, असं त्या काळी सर्रास व्हायचं. सीडी घातली, काही झालं नाही, की माणूस समजतो प्रोग्रॅम मेला. अशा वेळी जुन्या संगणकावर किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातच उभा केलेला दुसरा संगणक) इन्स्टॉल करून तयार फोल्डर उचलून आणला तर काही प्रोग्रॅम निमूटपणे उघडतात.

मॅकवाल्यांच्या नशिबी जास्त धक्के आले. जुन्या मॅकचे प्रोग्रॅम चालवणारी क्लासिक ही सोय २००७ च्या लेपर्डमध्ये गेली, पॉवरपीसी या जुन्या मॅक-चिपचे प्रोग्रॅम चालवणारं पहिलं रोझेटा २०११ च्या लायनमध्ये, आणि ३२ बिटचे सगळे प्रोग्रॅम २०१९ च्या कॅटलिनामध्ये. १९९२ चं वर्ड ५.१, ज्याच्या आठवणीने अजून कित्येक मॅकवाले उसासे टाकतात, ते यातल्या पहिल्याच धक्क्याला बाद झालं.

पायरी पहिली: सामान गोळा करा

जुना संगणक अजून सुरू होत असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी त्यावरचा प्रोग्रॅमचा अख्खा फोल्डर कॉपी करून या. मूळ फ्लॉपींपेक्षा तो जास्त मोलाचा आहे, कारण तुमच्या सवयी त्यात आहेत.

वर्डपरफेक्ट ५.१ मध्ये सेटिंग्ज एसईटी शेपटीच्या फाइलमध्ये, मॅक्रो (एका कळीवर बांधलेल्या आज्ञांच्या मालिका) डब्ल्यूपीएममध्ये, बदललेला कीबोर्ड डब्ल्यूपीकेमध्ये आणि प्रिंटरची माहिती पीआरएस फाइलमध्ये असते. यातल्या काही फाइल लोक वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचे, तेही पाहा. वर्डस्टारची तऱ्हा निराळी. त्यात डब्ल्यूएसचेंज हा प्रोग्रॅम चालवून केलेले बदल थेट मुख्य प्रोग्रॅमच्या फाइलमध्येच लिहिले जातात. म्हणजे मूळ डिस्कवरून नव्याने इन्स्टॉल केलं तर तुमचं वर्डस्टार परत येणार नाही, दुकानातून आणलेलं कोरं वर्डस्टार मिळेल.

फ्लॉपीच उरल्या असतील तर साडेतीन इंची फ्लॉपी यूएसबी ड्राइव्हवर वाचता येते. सव्वापाच इंचीसाठी जुना ड्राइव्ह आणि ग्रीझवीझल किंवा क्रायोफ्लक्ससारखं कंट्रोलर बोर्ड लागतं. नुसत्या फाइल कॉपी करू नका, प्रत्येक फ्लॉपीची पूर्ण इमेज (अख्ख्या चकतीची एकाच फाइलमधली हुबेहूब प्रत) काढा. आणि हे या महिन्यातच करा. चुंबकीय चकतीला तुमच्या सवडीशी देणंघेणं नसतं.

जुन्या मॅकच्या बाबतीत एक खास सापळा आहे. तिथे प्रोग्रॅमचा मोठा भाग फाइलच्या 'रिसोर्स फोर्क' या जोडकप्प्यात असतो. साध्या पेन ड्राइव्हवर किंवा विंडोजच्या डिस्कवर कॉपी केलं की तो कप्पा गळून पडू शकतो आणि हातात टरफल राहतं. म्हणून जुन्या मॅकवरच डिस्क इमेज किंवा स्टफइट या प्रोग्रॅमने गठ्ठा बनवा आणि तो हलवा.

परवान्याचं काय? तुमच्याकडे विकत घेतलेली प्रत असेल तर ती जपा, सीरियल नंबर कागदावर लिहून ठेवा. 'कंपनीने सोडून दिलेलं सॉफ्टवेअर' असा कायद्यात वेगळा कप्पा नाही, हे लक्षात असू द्या. डॉससाठीचं वर्ड ५.५ मात्र मायक्रोसॉफ्टनेच, सन २००० च्या तारखेची अडचण सोडवताना, फुकट उतरवून घ्यायला दिलं होतं.

पायरी दुसरी: बाहेरचं दार आधी तपासा

बहुतेक जण हे शेवटी करतात. मी मुद्दाम दुसऱ्या क्रमांकावर ठेवलंय. इम्युलेटर लावायच्या आधी तुमच्या जुन्या फाइलींपैकी पाच घ्या: एक साधं पत्र, एक तळटीपा असलेली, एक तक्ता असलेली, एक सर्वात मोठी, एक सर्वात जुनी. आणि त्या आजच्या संगणकावर, जुन्या प्रोग्रॅमशिवाय, उघडून पाहा.

वर्डपरफेक्टवाले इथे सुखी आहेत. लिब्रेऑफिस हा मोफत ऑफिस-संच त्या फाइल थेट उघडतो. तुम्ही फाइलींना काय शेपटी दिली होती याने फरक पडत नाही (त्या काळी लोक माणसाच्या नावाची आद्याक्षरंसुद्धा शेपटी म्हणून लावायचे), कारण फाइलच्या सुरुवातीच्या चार बाइटवरून ती ओळखली जाते. पहिला बाइट विचित्र चिन्ह दाखवतो आणि पुढचे तीन 'डब्ल्यू', 'पी', 'सी' ही अक्षरं. कुठल्याही साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये फाइल उघडून तुम्हीही खात्री करू शकता. मजकूर, ठळक-तिरपं, तळटीपा सहसा नीट येतात. चित्रं आणि किचकट तक्ते हमखास येतील असं धरू नका. मॅक्रो येत नाहीत. आणि हे दार एकाच बाजूला उघडतं: लिब्रेऑफिस वर्डपरफेक्टची फाइल वाचतं, पण त्या रूपात परत लिहीत नाही.

वर्डस्टारची गोष्ट अधिक गमतीची. त्याची फाइल नव्या एडिटरमध्ये उघडली तर प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर बिघडलेलं दिसतं. फाइल खराब झाली असं वाटून कित्येकांनी अशा फाइली फेकल्या असतील. होतं असं: इंग्रजी अक्षरांना सात बिट पुरतात, आठवा बिट मोकळा राहतो. शब्द कुठे संपतो आणि ओळीतली मोकळी जागा कुठे ताणायची याची खूण म्हणून वर्डस्टार शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा तो आठवा बिट चालू करून ठेवायचं. सगळ्या बाइटांचा आठवा बिट बंद करणारी दोन ओळींची स्क्रिप्ट लिहिली की मजकूर परत वाचता येतो. ठळक-तिरप्याची नियंत्रणचिन्हं आणि टिंबाने सुरू होणाऱ्या आज्ञांच्या ओळी तेवढ्या शिल्लक राहतात, त्या हाताने काढा. हा उपाय जुन्या आवृत्त्यांपुरता धरा. आवृत्ती ५ पासून फाइलच्या सुरुवातीला १२८ बाइटांचा मथळा असतो आणि मधेमधेही कोडचे गठ्ठे असतात, तिथे ही स्क्रिप्ट कचरा मागे ठेवते. त्याऐवजी वर्डस्टारच्या आतूनच 'ॲस्की' नावाचा प्रिंटर निवडून छापा. कागदाऐवजी डिस्कवर साधी टेक्स्ट फाइल उमटते.

साध्या टेक्स्ट फाइलमध्येही एक अडथळा येऊ शकतो. पौंडाचं चिन्ह, फ्रेंच शब्दांवरचे स्वरचिन्ह, चौकटीच्या रेघा हे सगळं डॉसमध्ये कोडपेज ४३७ किंवा ८५० या जुन्या अक्षर-तक्त्यांनुसार साठवलेलं असतं. नवा एडिटर ते युनिकोड समजून वाचतो आणि भलतंच दाखवतो. फाइल आणताना जुनं कोडपेज सांगा किंवा आयकॉन्व्ह या आज्ञेने युटीएफ-८ मध्ये बदलून घ्या.

मॅकच्या वर्ड ५.१, मॅकराइट, क्लॅरिसवर्क्स यांच्या फाइलीही लिब्रेऑफिस वाचतं. नव्या वर्डला मात्र फार जुन्या फाइलींचं वावडं आहे. २००७ मध्ये वर्ड २००३ च्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकने सुरक्षेच्या कारणावरून जुने फाइल प्रकार परस्पर बंद केले होते, आणि आजही ट्रस्ट सेंटरमधल्या 'फाइल ब्लॉक' यादीत ते अडवलेले सापडतात. फाइल उघडत नाही याचा अर्थ ती मेली असा होत नाही. आधी ती यादी पाहा.

पाचही फाइल बाहेर आल्या? मग पुढे चला. नाही आल्या तर आधी हेच सोडवा.

पायरी तिसरी: इम्युलेटर निवडा

नाव सगळ्यांना डॉसबॉक्सचं ठाऊक असतं. तो उत्तम आहे, पण तो खेळांसाठी बनवलाय आणि त्याचे निर्मातेही तसंच सांगतात. छपाई, क्लिपबोर्ड, मोठी फाइल-नावं या लेखकाला लागणाऱ्या गोष्टी त्यांच्या प्राधान्यात नाहीत. त्याचंच एक भावंड डॉसबॉक्स-एक्स. त्यात या सगळ्याची सोय आहे आणि ते विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. माझी शिफारस तीच. फक्त विंडोजवरच राहणार असाल तर व्हीडॉसप्लसही पाहा. तो कामाचे डॉस प्रोग्रॅम चालवण्यासाठीच बनवलेला आहे. लिनक्सवर डॉसइमू२ हा तिसरा पर्याय. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक एडवर्ड मेंडेल्सन यांनी वर्डपरफेक्टवाल्यांसाठी जवळपास प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमवरचे तयार संच वर्षानुवर्षं सांभाळले आहेत. हाताने सगळं जुळवायचा कंटाळा असेल तर तिथून सुरुवात करा.

विंडोज ३.१ च्या काळातल्या वर्ड प्रोसेसरसाठी ६४ बिटच्या विंडोजवर वाइनव्हीडीएम आहे, लिनक्सवर वाइन. प्रोग्रॅम फारच हट्टी निघाला तर ८६बॉक्स, जो अख्खा जुना संगणक चिप्ससकट उभा करतो. त्यात तुम्हाला डॉस किंवा जुनं विंडोज स्वतः घालावं लागतं आणि फाइल आत-बाहेर करणं कटकटीचं असतं.

मॅकचं वर्ड ५.१ बॅसिलिस्क २ मध्ये चालतं, पॉवरपीसीच्या काळातले प्रोग्रॅम शीपशेव्हरमध्ये. दोघांनाही खऱ्या मॅकची रॉम फाइल (यंत्राच्या चिपमधल्या मूळ प्रोग्रॅमची प्रत) लागते.

आणि हो, ॲपलच्या स्वतःच्या चिपवाला मॅक असेल तर 'व्हर्च्युअल मशीनमध्ये जुनं विंडोज टाकू' हा विचार लगेच करू नका. ती चिप इंटेलच्या भाषेत बोलत नाही, त्यामुळे संपूर्ण इम्युलेशन करावं लागतं आणि जुनं विंडोज रेंगाळत चालतं. डॉसबॉक्स-एक्स मात्र तिथे मजेत पळतो. डॉसच्या वर्ड प्रोसेसरची भूक तेवढीच.

पायरी चौथी: मांडणी

एक स्वतंत्र फोल्डर करा. त्यात दोन उपफोल्डर: एकात प्रोग्रॅम, दुसऱ्यात लिखाण. डॉसबॉक्स-एक्सच्या सेटिंग फाइलच्या तळाशी ऑटोएक्झेक नावाचा विभाग असतो. तिथे हा फोल्डर सी ड्राइव्ह म्हणून जोडण्याची, त्यात शिरण्याची आणि प्रोग्रॅम सुरू करण्याची आज्ञा, अशा तीन ओळी लिहा. आता आयकॉनवर दोनदा टिचकी मारली की थेट लिहायचा पडदा. संगणकाची अख्खी डिस्क सी म्हणून जोडू नका. जुन्या प्रोग्रॅममधली एक चुकीची 'डिलीट' नको तिथे पोचते.

काही मार्गदर्शक डिस्क इमेज वापरायला सांगतात. मी सांगणार नाही. इमेजमध्ये तुमची सगळी प्रकरणं एकाच मोठ्या फाइलमध्ये कोंडली जातात. बॅकअपच्या प्रोग्रॅमला त्यातलं काय बदललं ते दिसत नाही, शोध चालत नाही आणि ती एक फाइल बिघडली की सगळंच गेलं. साधा फोल्डर जोडला तर प्रत्येक प्रकरण बाहेरूनही सुटी फाइल म्हणून दिसतं.

फाइल-नावं आठ अक्षरांची, शेपटी तीन अक्षरांची, हीच शिस्त ठेवा. आपण ठेवलेलं लांबलचक नाव आतून कापलेलं दिसतं, आणि सारखी सुरुवात असलेल्या दोन फाइलींमध्ये घोळ होतो.

पडद्याकडे थोडं लक्ष द्या, कारण तासन्‌तास तिकडेच बघायचंय. जुना ८० बाय २५ अक्षरांचा पडदा आजच्या मोठ्या मॉनिटरवर ताणला की अक्षरं फुटक्या विटांसारखी दिसतात. डॉसबॉक्स-एक्समध्ये आउटपुटच्या जागी टीटीएफ लिहिलं की तुमच्या आवडीचा समान रुंदीचा ट्रूटाइप फाँट वापरता येतो. त्याच विभागात वर्ड प्रोसेसर कोणता ते सांगायची सोय आहे. वर्डपरफेक्ट किंवा वर्डस्टार निवडलं की ठळक, तिरपी, अधोरेखित अक्षरं पडद्यावर खरोखर तशी दिसतात. मूळ यंत्रावर ती वेगळ्या रंगांनी ओळखावी लागायची. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी अर्धा तास काहीही न लिहिता नुसती जुनी प्रकरणं वर-खाली करत बसले होते.

वेगाची चिंता नको, उलट आवर घाला. डॉसचे प्रोग्रॅम कळ दाबली जाण्याची वाट पाहताना प्रोसेसरला अखंड फिरवत ठेवतात. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला तर डॉसबॉक्सचा वेग ठरवणारा सायकल्सचा आकडा एका ठरावीक मर्यादेला बांधून टाका. लिहिण्याला फरक पडत नाही, बॅटरीला पडतो.

पायरी पाचवी: कळांची भांडणं सोडवा

मांडणी झाल्यावर माझा पहिला मोठा लेख साध्या डॉसबॉक्समध्ये चालला होता. पत्रांची यादी जोडायची म्हणून सवयीने कंट्रोल-एफ९ दाबलं. वर्डपरफेक्टमध्ये त्याचा अर्थ मर्ज आणि सॉर्ट. डॉसबॉक्समध्ये त्याचा अर्थ: डॉसबॉक्स ताबडतोब बंद. विचारणा नाही, काही नाही. खिडकी गायब, पाऊण तासाचं लिखाण गायब.

म्हणून पहिलं काम हे. साध्या डॉसबॉक्समध्ये कंट्रोलबरोबरच्या बहुतेक फंक्शन कळा त्याने स्वतःकडे घेतल्या आहेत. कंट्रोल-एफ५ फोटो काढतं, वर्डपरफेक्टमध्ये ते मजकूर आयात-निर्यातीचं. कंट्रोल-एफ१० माउस पकडतं, वर्डपरफेक्टमध्ये ते मॅक्रो बनवायचं. कंट्रोल-एफ१ ने उघडणाऱ्या कीमॅपरमध्ये जाऊन या सगळ्या दुसरीकडे हलवा. डॉसबॉक्स-एक्सने आपल्या आज्ञा वेगळ्या होस्ट कळीबरोबर नेल्यामुळे तिथे त्रास कमी, तरी एकदा तपासाच.

दुसरं भांडण ऑपरेटिंग सिस्टिमशी. वर्डपरफेक्टमध्ये ऑल्ट-एफ४ म्हणजे मजकूर निवडायला सुरुवात. विंडोजमध्ये ऑल्ट-एफ४ म्हणजे खिडकी बंद! सुदैवाने वर्डपरफेक्टने तेच काम एफ१२ वरही ठेवलंय, तसंच कोड दाखवण्याचं काम ऑल्ट-एफ३ बरोबर एफ११ वरही. बोटांना त्या सवयी लावा, भांडण मिटतं. मॅकवर सेटिंगमध्ये जाऊन फंक्शन कळांना प्रकाश-आवाजाच्या कामातून मोकळं करा आणि कंट्रोल-बाण, एफ११ यांना सिस्टिमने दिलेली कामं काढून घ्या.

वर्डस्टारवाल्यांचं दुःख वेगळं. त्यांची सगळी हुकमत कंट्रोल कळीवर, आणि ई, एस, डी, एक्स या चार अक्षरांच्या चौकोनावर. त्या काळच्या कीबोर्डवर कंट्रोल 'ए' या अक्षराच्या डावीकडे, करंगळीखाली असायचं. आज तिथे कॅप्स लॉक बसलंय, ज्याचा उपयोग मला तरी अजून कळलेला नाही. त्याला कंट्रोल बनवा: मॅकमध्ये कीबोर्डच्या मॉडिफायर कळांच्या सेटिंगमधून, विंडोजमध्ये पॉवरटॉइजमधून, लिनक्समध्ये कीबोर्डच्या पर्यायांतून. करंगळी दुखणं पहिल्याच दिवशी थांबतं.

इथे एक प्रामाणिक प्रश्न स्वतःला विचारा. तुम्हाला प्रोग्रॅम हवाय की नुसत्या कळा? नुसत्या कळाच हव्या असतील तर एवढा खटाटोप नको. लिनक्स आणि मॅकवर 'जो' नावाच्या एडिटरचं जेस्टार हे रूप वर्डस्टारच्या कळांवर चालतं, फाइल साधी टेक्स्ट, युनिकोडसकट. वर्डत्सार हा तर वर्डस्टारची नक्कल म्हणून नव्याने लिहिलेला प्रोग्रॅम आहे.

पायरी सहावी: छपाई

थोडक्यात सांगते. जुना प्रोग्रॅम एलपीटी१ या जुन्या प्रिंटर-पोर्टशी बोलतो, तुमचा प्रिंटर वायफायशी. दोघांची गाठ घालायच्या भानगडीत पडू नका, मधे पीडीएफ आणा. वर्डपरफेक्टमध्ये कुठलाही पोस्टस्क्रिप्ट (प्रिंटरला पान समजावून सांगायची भाषा) प्रिंटर निवडा, ॲपल लेझररायटर चालेल. त्याच्या पोर्टच्या जागी 'अदर' निवडून फाइलचं नाव द्या. छापा म्हटलं की पोस्टस्क्रिप्ट फाइल तयार होते आणि घोस्टस्क्रिप्ट हा प्रोग्रॅम तिची पीडीएफ करतो. पानांची मांडणी, तळटीपा, पृष्ठक्रमांक अगदी मूळ प्रोग्रॅमने आखल्याप्रमाणे. मॅकवाल्यांनी प्रिव्ह्यूवर विसंबू नये; २०२२ च्या व्हेंचुरापासून ते पोस्टस्क्रिप्ट उघडत नाही. तुमच्या प्रोग्रॅमकडे पोस्टस्क्रिप्टचा ड्रायव्हर नसेल तर एप्सन निवडा. डॉसबॉक्स-एक्सच्या आत एप्सनची नक्कल करणारा प्रिंटर आहे.

पायरी सातवी: रोजची शिस्त

वर्डपरफेक्टमध्ये शिफ्ट-एफ१ मधून ठरावीक मिनिटांनी होणारा बॅकअप चालू करा. माझा पाच मिनिटांवर आहे. इम्युलेटर अचानक बंद पडला तर बीके१ शेपटीची फाइल सापडते, पुढच्या वेळी प्रोग्रॅम उघडताच तो तिच्याबद्दल विचारतो. घाईत 'डिलीट' म्हणू नका. माझा पाऊण तास हे चालू नसल्यामुळेच गेला होता. वर्डस्टारमध्ये हात थांबला की कंट्रोल-के-एस, जुने लोक हे श्वास घेतल्यासारखं करायचे.

लिखाणाचा फोल्डर क्लाउडवर ठेवायला हरकत नाही, पण प्रोग्रॅमचा फोल्डर तिथे नको. वर्डपरफेक्ट चालू असताना तात्पुरत्या फाइली सतत लिहीत-पुसत असतं आणि क्लाउडचा प्रोग्रॅम त्यांच्या मागे धावत मधेच एखादी अडवून धरतो. 'जागा वाचवण्यासाठी फाइल ऑनलाइनच ठेवा' ही सोयही या फोल्डरपुरती बंद करा. तसंच, इम्युलेटर उघडा असताना बाहेरून एखादी फाइल टाकली तर ती आत लगेच दिसेलच असं नाही, कारण साधा डॉसबॉक्स फोल्डरची यादी एकदा वाचून लक्षात ठेवतो. कंट्रोल-एफ४ दाबलं की ती ताजी होते. आणि एकच फाइल आतून वर्डपरफेक्टमध्ये, बाहेरून लिब्रेऑफिसमध्ये, एकाच वेळी कधीही उघडू नका.

महिन्यातून एकदा लिब्रेऑफिसला कमांड लाइनवरून, खिडकी न उघडता, लिखाणाचा अख्खा फोल्डर ओडीटी या त्याच्या स्वतःच्या फाइल-प्रकारात बदलायला सांगा. एका ओळीची आज्ञा आहे आणि शेकडो फाइल चहा संपायच्या आत होतात. मूळ फाइल जागेवर, ओडीटीचा संच शेजारी.

ऑपरेटिंग सिस्टिमचं मोठं अपडेट आलं की

आलेल्या दिवशी लावू नका. लावण्याआधी अख्खा फोल्डर, इम्युलेटरच्या इन्स्टॉलरसकट, बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. इन्स्टॉलर जुन्या आवृत्तीचाही ठेवा, कारण नवी आवृत्ती चांगली असतेच असं नाही. लावल्यानंतर चार गोष्टी तपासा: प्रोग्रॅम उघडतो का, फाइल जतन होऊन बाहेरून दिसते का, एफ११-एफ१२ आपल्याच ताब्यात आहेत का, पीडीएफ निघते का. दहा मिनिटांचं काम. विंडोजचं सुरक्षा-कवच कधीकधी जुन्या प्रोग्रॅमच्या फाइलला संशयावरून उचलून कोठडीत टाकतं. प्रोग्रॅम एकाएकी 'सापडत नाही' म्हणाला तर आधी तिथे शोधा. मॅकवर नव्या इम्युलेटरला फोल्डर वाचायची परवानगी पुन्हा द्यावी लागते, ती नाकारली गेली तर सी ड्राइव्ह रिकामा दिसतो आणि काळजाचा ठोका चुकतो.

मग त्याच पाच फाइल घ्या, दुसऱ्या पायरीतल्या, आणि त्या पुन्हा लिब्रेऑफिसमध्ये उघडून पाहा. मी त्यांचा वेगळा फोल्डरच करून ठेवलाय. शेजारी एक साधी टेक्स्ट फाइल आहे, युनिकोडमध्ये. तीत फाइली कुठल्या प्रोग्रॅमच्या आहेत, कोणती आवृत्ती, कशाने उघडतात आणि बॅकअपची डिस्क कुठे आहे, एवढंच लिहिलंय. उद्या माझ्याऐवजी दुसऱ्या कोणाला हे सगळं उघडावं लागलं तर त्याला शिफ्ट-एफ६ माहीत असण्याची गरज पडू नये.